काठावरचे निसर्गप्रेम आणि हवेची होडी

हेन्री डेव्हिड थोरो याच्या 'वॉल्डन'चे दुर्गा भागवत यांनी केलेले भाषांतर 'वॉल्डनकाठी विचारविहार' या नावाने मराठीत आले. शीर्षक सुरेख आहे. ते बदलावे असे आम्ही मुळीच सुचवत नाही. परंतु त्यातला 'काठी' हा शब्द मराठी वाचकाच्या मनात असा काही रुजून बसला आहे, की थोरो म्हटले म्हणजे तळ्याच्या काठावर झोपडी बांधून पाण्याकडे बघत बसलेला एक चिंतनशील गृहस्थ एवढेच चित्र उभे राहते. आम्ही तिघे मराठीचे अध्यापक गेली पंधरा-वीस वर्षे ललितगद्य शिकवत आहोत, आणि उत्तरपत्रिकांमधून हे चित्र आम्हाला दरवर्षी भेटते. त्यात झोपडी असते, घेवड्याचे शेत असते, एकांत असतो. होडी मात्र नसते.

हा केवळ एका पुस्तकाच्या वाचनाचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. प्रश्न आहे तो आपल्याकडच्या निसर्गलेखनाविषयीच्या एका सोवळ्या समजुतीचा. निसर्गाचा 'खरा' अनुभव पायी चालणाऱ्याला आणि स्तब्ध बसणाऱ्याला येतो. फार तर जुन्या लाकडी नावेतून जाणाऱ्याला येतो. बाकी सारे पर्यटन! या समजुतीपायी एक चांगला लेख नुकताच साभार परत आला.

लेख आमच्या एका माजी विद्यार्थिनीचा. नोकरीनिमित्त ती अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची जागा, गाडी ठेवायला छप्पर नाही, मग होडी कुठली? तेव्हा तिने हवा भरायची कयाक घेतली. घडी घालून पिशवीत बसते, एरवी पलंगाखाली राहते, तळ्यावर नेऊन पंपाने दहाएक मिनिटांत फुगवता येते. शरदातल्या शनिवार-रविवारी या कयाकमधून केलेल्या फेऱ्यांवर तिने लेख लिहिला आणि आम्ही तो एका नियतकालिकाकडे धाडला. संपादकांचा अभिप्राय असा, की लेखात माहिती फार आणि चिंतन कमी. शिवाय प्लास्टिकच्या फुगलेल्या खेळण्यात बसून निसर्ग भेटत नसतो, त्यासाठी थोरो वाचावा.

ठीक आहे. थोरो वाचू.

वॉल्डनच्या झोपडीत थोरो १८४५ च्या जुलैत राहायला गेला, तो कशासाठी? इतर कारणांबरोबर एक पुस्तक लिहून काढण्यासाठी. ते पुस्तक 'वॉल्डन' नव्हे. कॉन्कॉर्ड आणि मेरिमॅक या नद्यांवर १८३९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात थोरल्या भावाबरोबर केलेल्या होडीप्रवासाचे ते पुस्तक. भाऊ जॉन १८४२ मध्ये धनुर्वाताने गेला होता. त्याच्या आठवणीचे हे काम थोरोने तळ्याकाठी बसून केले. म्हणजे ज्या झोपडीला आपण काठावरच्या चिंतनाचे तीर्थक्षेत्र करून ठेवले आहे, तिच्यात बसलेला माणूस मनाने पाण्यावर होता. याच पुस्तकाच्या शेवटच्या टप्प्यात एका रात्रीत उन्हाळा सरून शरद आल्याची नोंद आहे, आणि ती होडीतल्या माणसाने केलेली आहे.

ती होडी तरी कशी होती? दोघा भावांनी आठवडाभर खपून स्वतः बनवलेली; धबधब्यांना वळसा घालून जमिनीवरून ढकलता यावी म्हणून चाके लावण्याची सोय असलेली. डोलकाठ्या दोन, त्यांपैकी एक रात्री तंबूचा खांब होई. आजच्या भाषेत जुगाडच तो! पुढे थोरोने ही होडी नॅथॅनिएल हॉथॉर्नला सात डॉलरला विकली. 'वॉल्डन'मध्येही, संध्याकाळी तो होडीत बसून बासरी वाजवतो. आणि ऑक्टोबरातल्या एका निवांत दुपारी लून नावाच्या पाणबुड्या पक्ष्याचा होडीतून पाठलाग करतो. पक्षी बुडी मारतो, थोरो अंदाज बांधून वल्ही मारतो, पक्षी भलतीकडेच वर येतो. संपूर्ण पुस्तकात माणूस आणि पशुपक्षी यांच्यातला बरोबरीचा खेळ इतक्या जिवंतपणे क्वचितच आला असेल. काठावरून हा खेळ दिसला असता. खेळता आला नसता.

आता 'प्लास्टिकच्या खेळण्या'विषयी. हवेने फुगणारी होडी ही आजच्या बाजाराने आणलेली टूम आहे असा संपादकांचा ग्रह दिसतो. थोरो झोपडीची जुळवाजुळव करत होता त्याच सुमारास, १८४४-४५ मध्ये, इंग्लंडच्या नौदलातला पीटर हॉकेट नावाचा अधिकारी रबर चढवलेल्या कापडाचा एक झगा घेऊन वरिष्ठांची मनधरणी करत होता. झगा अंगावरून काढून भात्याने फुगवला की त्याची होडी होई. हातातल्या काठीला पाते जोडले की वल्हे, आणि छत्री उघडली की शीड. नौदलाने त्याला वाटेला लावले. परंतु आर्क्टिकचा संशोधक जॉन रे याने १८४६ च्या मोहिमेत हॉकेटची होडी नेली आणि तिचा चांगला उपयोग करून घेतला. तसली एक होडी ऑर्कनी बेटांवरच्या स्ट्रॉमनेसच्या संग्रहालयात आजही आहे. म्हणजे हवेची होडी वॉल्डनच्या झोपडीइतकीच जुनी! त्याही मागे जायचे तर, फुगवलेल्या कातड्यांवर पोटाशी ओणवे होऊन नदी पार करणारे सैनिक असुरांच्या, म्हणजे असिरियाच्या, इसवीसनापूर्वी नवव्या शतकातल्या शिल्पपटांवर कोरलेले आहेत. पंजाबच्या डोंगराळ भागात सतलज-बियास ओलांडायला रेड्याची फुगवलेली कातडी वापरत. आणि आपल्याकडे? वाळलेल्या भोपळ्यांच्या आत तरी हवेखेरीज काय असते? भोपळे एकत्र बांधले की 'सांगड' होते. दोन मतांची सांगड घालताना आपल्यापैकी कितीजणांना आठवते, की हा शब्द नदी उतरून आला आहे? खुद्द 'कयाक' हाही शब्द इन्युइट लोकांचा. सीलच्या कातड्याने मढवलेली शिकाऱ्याची होडी ती. लाकडी नावेलाच तेवढी परंपरा आणि बाकीचे उपरे, हे म्हणणे भाषेच्या साध्या अभ्यासापुढेही टिकत नाही.

पीव्हीसी हा निर्मळ पदार्थ आहे असा आमचा दावा नाही. अशी कयाक शेवटी कचऱ्यातच जाते आणि तिथे कुजत नाही. हा आक्षेप खरा आहे व तो घ्यावा. परंतु तो घेणाऱ्याने हेही पाहावे की थोरोचे घराणे शिसपेन्सिलींचा कारखाना चालवत होते, वॉल्डनच्या एका कडेने १८४४ पासून आगगाडी जात होती, आणि १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्या तळ्यावर बर्फ कापणाऱ्या मजुरांच्या टोळ्या उतरल्या होत्या. न्यू इंग्लंडचे असे बर्फ जहाजांतून कलकत्ता, मद्रास आणि मुंबईपर्यंत येई. थोरो या शहरांची नावे घेतो. ज्या तळ्याला आपण बाजाराबाहेरचे म्हणतो त्याच्या पाण्याशी मुंबईच्या साहेबांच्या पेल्याचे नाते असे जोडले गेले होते. थोरोने हे लपवले नाही, त्यावर लिहिले. शुद्ध जागा शोधत फिरणे आणि जागा जशी आहे तशी लिहिणे, यांतला फरक आपल्या संपादकांनी ओळखायला हवा.

'माहिती फार' हा आक्षेप आम्हाला सर्वांत जास्त खटकला. लेखातले एक पान असे आहे: ऊन खात काठावर फुगवलेली कयाक ताठ, टणक लागते, थंड पाण्यात उतरवून थोडा वेळ गेला की तिच्या कडा मऊ पडतात. आत कोंडलेली हवा निवते, तिचा दाब घटतो. आणि मुळात हा दाब बाहेरच्या हवेहून थोडासाच जास्त असल्यामुळे ती घट हाताला लगेच कळते. म्हणून ती पाण्यावर दहा मिनिटे थांबून परत येते, पुन्हा थोडी हवा भरते आणि मग निघते. सप्टेंबरात हे करावे लागत नव्हते, ऑक्टोबरात लागू लागले. ऋतू पालटल्याची खूण तिला झाडांच्या तांबड्या-पिवळ्या रंगांआधी होडीच्या कडेवर ठेवलेल्या तळहाताला मिळाली! याला जर चिंतन म्हणायचे नसेल तर चिंतन म्हणजे काय, हे आम्हाला कोणी तरी समजावून द्यावे.

तळ्यातल्या पाण्याच्या थरांविषयीचा परिच्छेदही असाच. उन्हाळाभर वरचे पाणी कोमट आणि खालचे गार असे दोन थर एकमेकांत न मिसळता राहतात. पाणी सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. शरदात वरचे पाणी निवत निवत जड होते, खाली उतरते, आणि अखेरीस सारे तळे तळापासून वरपर्यंत ढवळून निघते. तळाशी प्राणवायू पोचतो तो असा. आपल्या काव्यपरंपरेत अगस्तीच्या उदयाने पाणी निवळते आणि शरद म्हणजे प्रसन्न, स्वच्छ जल. तिथला शरद म्हणजे उलथणारे जल. एकाच शब्दाने आपण दोन ऋतू झाकतो हे तिने सहज, एका ओळीत नोंदवले आहे. आमच्या वर्गातल्या भाषांतरमीमांसेच्या तासाला ती ओळ उपयोगी पडेल. (अमेरिकन 'फॉल'ला काहीजण 'पानगळ' म्हणतात. आपल्याकडे पानगळ शिशिरात, तेव्हा घोटाळा आणखीच वाढतो.)

आणि जॅकेटचे पान. मॅसॅच्युसेट्समध्ये १५ सप्टेंबरपासून १५ मेपर्यंत कयाकमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाने जीवरक्षक जॅकेट अंगात घातलेलेच असले पाहिजे, असा कायदा आहे. एरवी ते होडीत असले तरी प्रौढांना चालते. गार पाण्यात अचानक पडलेल्या माणसाचा श्वास अनावर होतो, हातपाय लवकर निकामी होतात. पोहता येण्याचा तिथे फारसा उपयोग नाही. शिवाय हवेची कयाक हलकी, पाण्यावर उंच तरंगणारी. वारा तिला पानासारखी लोटतो. म्हणून ती सकाळी लवकर जाते, काठ धरून जाते, आणि वारा काठाकडून आत वाहत असेल तर जातच नाही. संपादकांनी या मजकुराच्या कडेला 'अनावश्यक' असा शेरा मारला आहे. पाण्यावर आपण मरू शकतो हे ज्याला अनावश्यक वाटते, त्याने पाण्याचे सौंदर्य कोणत्या बळावर सांगायचे? काठावर बसलेल्याला ही भीती नसते, आणि म्हणूनच त्याच्या गद्यात पाणी नेहमी 'आरसा' असते.

इथे आम्हाला एक कडू गोष्ट बोलायची आहे. काठ ही आपल्या समाजात कधीच निष्पाप जागा नव्हती. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्यायले, तेव्हा त्यानंतर त्या तळ्याचे 'शुद्धीकरण' करण्यात आले. तळे सर्वांचे की काहींचे, हा वाद कोर्टात गेला आणि त्याचा उच्च न्यायालयातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. तळ्याकाठी निवांत बसून त्याकडे बघण्याची मुभा कोणाला होती, याचा हिशेब न मांडता काठावरच्या दृष्टीला 'सहज' आणि 'निर्मळ' म्हणणे आम्हाला जमणार नाही. प्रत्यक्ष पाण्यावर ज्यांचे आयुष्य गेले त्या कोळ्यांची आणि भोयांची नजर आपल्या ललितगद्यात किती आली? नाव वल्हवणारा त्यात पार्श्वभूमीला असतो, बहुधा गाणे म्हणत. आता एक नोकरदार मुलगी पिशवीत मावणारी होडी घेऊन, कोणत्याही क्लबाची सभासद न होता, कोणाच्या धक्क्याची परवानगी न मागता स्वतः वल्हे मारते आणि स्वतः लिहिते. तर तिला 'खेळणे' म्हणायचे?

अशा होड्या आपल्याकडच्या धरणांच्या जलाशयांवरही दिसू लागल्या आहेत. तिथे शरदात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे, की लिहिताना आपल्या होडीखाली काय आहे ते विचारून घ्या. मुळशीचे पाणी ज्या गावांवर चढले तिथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला होता. उजनीत पाणी ओसरले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. आश्विन-कार्तिकात जलाशय काठोकाठ भरलेला असताना काठावरच्या माणसाला त्याचा मागमूस लागत नाही. कयाकमधल्या माणसालाही तो दिसणार नाहीच. पण देवळाच्या शिखरावर किती हात पाणी आहे हे विचारायला तिथल्या मासेमाराजवळ होडी नेता येते. तो आपले जाळे आवरता आवरता सांगतो, आणि जुन्या गावातली त्याची आळी कुठे होती तेही वल्ह्याने दाखवतो.