आळ वांग्यावर, गोळी मोकळीच

अंगावर पुरळ घेऊन पाचोऱ्यातल्या कुठल्याही दवाखान्यात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘काय खाल्लं होतं?’ हिवाळ्यात उत्तरही ठरलेलं: भरीत. खानदेशात वांग्यावर आळ घेणं सोपं. दोन दिवसांपूर्वी अंगदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी या उत्तरात येत नाही; विचारणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या मनात फक्त जेवण असतं. केसपेपरवर ‘अ‍ॅलर्जी’ एवढंच उमटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात, त्याच्या दहाव्या आवृत्तीत, अशा पुरळासाठी एल २७ हा संकेतांक आहे. औषधामुळे अंगभर उठलं तर एल २७.०, ठरावीक जागी उठलं तर एल २७.१, अन्नामुळे असेल तर एल २७.२ आणि कारणच लिहिलेलं नसेल तर एल २७.९. औषध कोणतं, हे सांगणारा दुसरा संकेतांक जोडता येतो. पण तो ऐच्छिक आहे आणि बहुधा औषधाचा गटच सांगतो. म्हणजे संकेतांक अचूक असूनही गुन्हेगाराचं नाव कागदावर येत नाही.

हे नाव का हवं? काहींना औषधामुळे ओठावर, हातावर किंवा गुप्तांगावर काळपट जांभळा गोल डाग येतो. तेच औषध पुन्हा घेतलं की डाग नेमका त्याच जागी पुन्हा पेटतो. को-ट्रायमॉक्साझोल, जुलाबावरचं टिनिडाझोल, काही वेदनाशामकं ही यातली नेहमीची नावं. गुप्तांगावरचा डाग गुप्तरोग समजून लपवला जातो, हे वेगळंच दुखणं. काही औषधांनी मात्र कातडी सोलवटते, डोळे-तोंड सोलून निघतं. ते पुन्हा पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

नोंदींचा उपयोग होतो. देशाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाकडे आलेल्या नोंदी तपासूनच ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मेफेनॅमिक अ‍ॅसिड या सर्रास घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामकाबद्दल इशारा निघाला: पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा, अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते.

कागदाच्या पुडीतून सुट्या गोळ्या देण्याची पद्धत आता बंदच व्हायला हवी. त्या गोळ्यांना नावच नसतं. पुरळ उठलेल्या रुग्णाला औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी मिळायला हवी. पाचोऱ्याहून जळगावला पाठवलं तर तिथल्या डॉक्टरांना तीच आधी दाखवायची. रुग्णानेही रिकामी स्ट्रिप जपून ठेवावी. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर त्याला स्वतःलाही तक्रार नोंदवता येते.