‘इन ड्यू कोर्स’ म्हणजे कधी?



साहेब गेला, पण त्याचा एक शब्द हापिसातल्या टेबलाला चिकटून राहिला: ‘इन ड्यू कोर्स’!

आमच्या खात्यातल्या एका सोबत्याने आपल्याच फंडाच्या पैशासाठी अर्ज केला. गावच्या घराचं छप्पर मृगाच्या आत शाकारायचं होतं. उत्तर आलं एका ओळीचं, इंग्रजीत. चाळीतल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घेतलं. पोरगा म्हणाला, “मामा, योग्य वेळी पैसे मिळतील म्हणतात.” मामा म्हणाला, “अरे, पण कधी?” ते काही कागदात नव्हतं. मृग वेळेवर आला, पैसे आले नाहीत. म्हातारी आई पावसाळाभर गळक्या घरात राहिली.

आम्ही चार बुकं शिकलेली माणसं. पण वेळ म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. भोंगा झाल्यावर उशिरा पोचलो तर फाटक बंद, खाडा पडला! आमची वेळ घड्याळावर आणि देणाऱ्याची वेळ त्याच्या मर्जीवर, हा कुठला न्याय?

या शब्दाने अख्खी राष्ट्रं झुलवली आहेत. १९४३ साली कैरोला अमेरिका, ब्रिटन आणि चीन यांच्या पुढाऱ्यांनी जाहीर केलं, की जपानच्या ताब्यातला कोरिया ‘इन ड्यू कोर्स’ स्वतंत्र होईल. तारीख नाही, साल नाही. १९४५ साली जपान शरण आला, तेव्हा कोरियाच्या पदरात पडली ती अडतिसाव्या अक्षांशावरची फाळणी!

याउलट आपले नारायण मेघाजी लोखंडे पाहा. १८८४ साली त्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. रविवारी सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त. पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. प्रत्येक मागणीला वार, तास नाहीतर तारीख! झगडावं लागलं, पण १८९० साली रविवार पदरात पडला. मोघम मागितलं असतं तर मोघमच मिळालं असतं.

कोणी म्हणेल, १ मे १९६० ला मराठी राज्य झालं, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला, आता काय रडता? खरं आहे, कागद मराठीत आले. पण ‘इन ड्यू कोर्स’च्या खुर्चीवर ‘यथावकाश’ येऊन बसला. टोपी बदलली, डोकं तेच! आमच्या आया-बहिणींची मराठी अशी नाही. त्या उसनवारी करतानासुद्धा म्हणतात, “पगाराच्या दिवशी देते.” आणि देतात. तीच मराठी आम्हाला हापिसात पाहिजे. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानेही हेच मानलं: सेवेला मुदत असली पाहिजे.

तेव्हा बंधूंनो, ‘यथावकाश’ असं उत्तर आलं की गप्प बसू नका. त्याच कागदाखाली मराठीत लिहा, “तारीख कळवा.” आम्ही पाळीवर यथावकाश येत नाही. आमच्या हक्कालाही यथावकाश चालणार नाही!