पूजेची वही कोरी कां?

दिवाळींत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या मुंबईच्या उपनगरांतून कोणीही फिरून पाहावें. दुकानादुकानांत लाल कापडी पुठ्ठ्याची नवी वही पाटावर मांडलेली असते; तिजवर कुंकवाचें स्वस्तिक काढलेलें असतें आणि 'शुभ' व 'लाभ' हे दोन शब्द लिहिलेले असतात. आमच्या शेतकरी-कारागीर घरांतून येऊन ज्यांनीं उपनगरांत लहानमोठीं दुकानें थाटलीं, तेही आतां मोठ्या हौसेनें वहीची पूजा करितात. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु पाडवा उलटला कीं दोन वह्यांच्या दोन वाटा होतात. पिढीजात व्यापाऱ्याची वही रोज संध्याकाळीं उघडते. आमच्या माणसाची वही देव्हाऱ्याखालच्या फडताळांत जाते; पुढल्या दिवाळीस ती बाहेर काढून पाहावी, तों कुंकवाचा डाग सोडून आंत एक अक्षर नाहीं! वाचकहो, जी वही वर्षभर कोरी ठेवावयाची, तिची पूजा करून लक्ष्मी प्रसन्न होईल अशी आशा कोणत्या तोंडानें धरावी?

ही केवळ थट्टेची गोष्ट नव्हे. आम्ही खेड्यांतील शाळामास्तर. सुटींत घाटकोपरास गेलों असतां आमच्याच शाळेंत शिकलेल्या एका सुताराच्या मुलाकडे उतरलों होतों. नवराबायको मिळून डोंगराच्या चढावर स्टीलच्या भांड्यांचें दुकान चालवितात. दोघेही कष्टाळू, निर्व्यसनी. गिऱ्हाइकाशीं बोलणें गोड. तरी त्या दिवशीं घरांत चूल थंड होती. ठोक व्यापाऱ्यानें ४८,००० रुपये बाकी काढली होती. नवरा म्हणे, त्यांतले १५,००० आपण शिमग्याच्या सुमारास रोख पोंचते केले. आम्हीं विचारलें, पावती कोठें आहे? पावती घेतली नव्हती. कोठें लिहून ठेवलें आहे? भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहिलें होतें. आणि नवें साल लागतांच तें कॅलेंडर रद्दींत गेलें. ते व्यापाऱ्याकडे गेले, तेव्हां त्यानें आपली खतावणी शांतपणें समोर ठेविली व म्हणाला, "तुमची वही दाखवा." दाखवावयास होतें काय? मुकाट्यानें सारी रक्कम कबूल करावी लागली. व्यापाऱ्यानें लबाडी केली, कीं त्याच्या कारकुनाची चूक झाली, कीं आमच्याच माणसाची आठवण फसली, हें आज कोणासही सांगतां येत नाहीं. खरें दुःख हेंच आहे. ज्याच्यापाशीं लिहिलेलें नाहीं, त्याला आपण फसलों कीं नाहीं एवढेंही कळत नाहीं.

आमच्या वाडवडिलांनीं हें दुःख फार भोगलें आहे. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकरी सावकारांवर उठले, आणि तो वणवा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. ठिकठिकाणीं त्यांनीं काय मागितलें? कर्जरोखे! ते घेतले आणि जाळले. ज्या कागदांवर काय लिहिलें आहे हें त्यांस वाचतां येत नव्हतें, त्या कागदांनींच त्यांच्या जमिनी खाल्ल्या होत्या. पुढें १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला. त्यानें शेतकऱ्याचे दस्तऐवज नोंदविण्याची व त्यास पावती मिळण्याची तजवीज केली. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानें सावकारास रोकडवही व खतावणी ठेवणें भाग पाडलें, आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१४ च्या महाराष्ट्राच्या कायद्यांतही तें बंधन आहे. म्हणजे सरकारनें दुसऱ्याच्या वहीवर लगाम घातला. परंतु आमची वही आमच्या हातानें कोणतें सरकार लिहून देणार?

१८७२ च्या पुराव्याच्या कायद्यांत एक सूत्र होतें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेंही तें कायम ठेविलें आहे. तें असें कीं, धंद्याच्या ओघांत नियमितपणें ठेवलेल्या हिशेबाच्या वहींतील नोंद न्यायालयापुढें पुराव्यांत घेतां येते. मात्र केवळ तेवढ्या नोंदीवरून कोणाच्याही माथीं देणें मारतां येत नाहीं. यांतील 'नियमितपणें' हा शब्द वाचकांनीं मनांत कोरून ठेवावा. भांडण झाल्यावर एका रात्रींत लिहिलेली वही ही वही नव्हे. आणि ज्याची स्वतःची वही आहे, तोच समोरच्याच्या वहीस 'थांब' म्हणूं शकतो.

जोतीराव फुले यांस ही गोष्ट पुरती उमगली होती. ते स्वतः कंत्राटें घेणारे, व्यापार करणारे गृहस्थ होते. १८८२ सालीं हंटर शिक्षण आयोगापुढें त्यांनीं निवेदन सादर केलें, त्यांत प्राथमिक शाळांतून मोडी व बाळबोध लेखन-वाचनाच्या जोडीला हिशेब शिकवावा, शेतीचें मूलज्ञान द्यावें, अशी मागणी केली. हिशेब हा शिक्षणाचा अलंकार नसून कष्टकऱ्याचें चिलखत आहे, असा आम्ही त्या मागणीचा अर्थ समजतों.

आतां कोणी म्हणेल, मास्तर, उपदेश पुरे; वही लिहावयाची कशी तें सांगा. रास्त आहे. आमच्या भाषेंत या विद्येस 'कीर्द-खतावणी' असें जुनें नांव आहे. रोजचे व्यवहार तारीखवार उतरावयाचे ती कीर्द. आणि तेच व्यवहार प्रत्येक खात्याच्या पानावर वांटून लिहावयाचे ती खतावणी. दुहेरी नोंदीची रीत युरोपांत व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनीं चालविली व लुका पाचोली नांवाच्या ख्रिस्ती साधूनें १४९४ सालीं छापलेल्या ग्रंथांत ती विशद केली. तिचें मर्म पोरालाही समजण्याजोगें आहे. प्रत्येक व्यवहारास दोन बाजू असतात. म्हणून प्रत्येक रक्कम दोनदां लिहावयाची, एका खात्यास नांवें व दुसऱ्यास जमा. नियम तीनच. घेणाऱ्याचें खातें नांवें, देणाऱ्याचें जमा. येणाऱ्या वस्तूचें खातें नांवें, जाणाऱ्या वस्तूचें जमा. खर्च व तोटा नांवें, उत्पन्न व नफा जमा.

भांड्यांच्या दुकानाचाच एक महिना नमुन्यादाखल घेऊं. १ तारखेस दुकानदारानें घरचे ८०,००० रुपये धंद्यांत घातले. २ तारखेस भाडें १२,००० दिलें. ३ तारखेस ठोक व्यापाऱ्याकडून ६०,००० चीं भांडीं उधार आणिलीं. त्यांतलीं पोंचे पडलेलीं ४,००० चीं भांडीं ६ तारखेस परत केलीं. ८ तारखेस ५०,००० चा माल रोखीनें घेतला. १८ तारखेस ठोक व्यापाऱ्यास ४०,००० दिले. महिनाभरांत रोख विक्री ९६,००० व उधार विक्री १४,००० झाली. उधारीपैकीं ९,००० वसूल आले. गड्याचा पगार ८,००० व विजेचें बिल १,५०० गेलें. घरखर्चास गल्ल्यांतून १०,००० काढले, आणि पुतणीच्या लग्नांत आहेर म्हणून दुकानांतलींच ३,००० खरेदी-किंमतीचीं भांडीं नेलीं.

कीर्द अशी पडेल. १ तारखेस रोकड खातें नांवें ८०,०००, भांडवल खातें जमा ८०,०००. ३ तारखेस खरेदी खातें नांवें ६०,०००, व्यापाऱ्याचें खातें जमा ६०,०००. ६ तारखेस व्यापाऱ्याचें खातें नांवें ४,०००, खरेदी-परत खातें जमा ४,०००. आहेराच्या दिवशीं उचल खातें नांवें ३,०००, खरेदी खातें जमा ३,०००. याप्रमाणें सर्व. प्रत्येक नोंदीखालीं 'कशाबद्दल' हें एका ओळींत लिहावें आणि पावतीचा कागद जपून ठेवावा. मग एकेक रक्कम खतावणींत त्या त्या पानावर न्यावी व कीर्दींत त्या पानाचा आंकडा टिपावा, म्हणजे कोणती रक्कम उतरली व कोणती राहिली हें कळतें. समजण्यास सोपें जावें म्हणून मोबाइलवरून बँकेंत आलेला पैसाही आम्हीं येथें रोकडींतच धरला आहे. प्रत्यक्षांत बँकेचें खातें निराळें ठेवावें.

महिनाअखेर पानें बंद करा. रोकड खात्यांत नांवें १,८५,०००, जमा १,२१,५००, शिल्लक ६३,५००. व्यापाऱ्याचें देणें १६,०००. गिऱ्हाइकांकडे येणें ५,०००. आतां सर्व शिलकांची तेरीज मांडा. नांवें बाजूस रोकड ६३,५००, खरेदी १,०७,०००, येणें ५,०००, भाडें १२,०००, पगार ८,०००, वीज १,५००, उचल १३,०००, बेरीज २,१०,०००. जमा बाजूस भांडवल ८०,०००, विक्री १,१०,०००, खरेदी-परत ४,०००, व्यापारी १६,०००, बेरीज २,१०,०००. दोन्ही बाजू जुळल्या. मात्र तेरीज जुळली म्हणून छाती फुगवूं नये. जी नोंद मुळांत केलीच नाहीं, ती तेरीज शोधून काढीत नाहीं.

आतां खरी गोष्ट ऐका. महिनाअखेर दुकानांतला माल मोजला, तो खरेदी-किंमतीनें २०,००० चा भरला. म्हणजे विकल्या गेलेल्या मालाची किंमत ८३,०००. विक्री १,१०,०००, ढोबळ नफा २७,०००. भाडें, पगार व वीज मिळून खर्च २१,५००. निव्वळ नफा उरला ५,५००. आणि घरांत नेलें किती? १३,०००! गल्ल्यांत ६३,५०० खुळखुळत आहेत, म्हणून नवराबायको समाधानानें झोंपतात. परंतु त्या महिन्यांत त्यांनीं आपल्याच भांडवलांतले ७,५०० खाल्ले आहेत. ८०,००० चें भांडवल ७२,५०० वर आलें. शिवाय दोघांच्या दिवसभराच्या मेहनतीची मजुरी यांत कोठेंच धरलेली नाहीं. असे दहा-अकरा महिने गेले, कीं दुकानाच्या फळ्या बंद होतात, आणि शेजारी म्हणतात, बिचाऱ्याचें नशीब! नशीब नव्हे. पहिल्या महिन्याच्या अखेरीस वही हें सांगणार होती. तिला कोणीं विचारलें नाहीं.

भाडें कमी करावें, कीं गड्याऐवजीं आपण उभें राहावें, कीं घरखर्चास आळा घालावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. वही निर्णय देत नाहीं. परंतु निर्णय घेण्याची वेळ गेली नाहीं तोंच ती हाक मारते.

सबबी आम्हांस पाठ आहेत. "वेळ नाहीं." रोज रात्रीं दुकान बंद करतांना पंधरा मिनिटें कीर्दीस द्या, खतावणी आठवड्यास केली तरी चालेल. "आम्ही लहान, आम्हांस जी. एस. टी. लागत नाहीं." खरें आहे, महाराष्ट्रांत केवळ मालाचा व्यापार करणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आंत असेल, तर सामान्यतः ती नोंदणी सक्तीची नाहीं. पण हिशेब काय सरकारसाठीं ठेवावयाचा? सरकार विचारीत नाहीं म्हणून बायकामुलेंही विचारणार नाहींत काय? "मोबाइलमध्यें सगळें आहे." मोबाइल पैसा आला-गेला एवढें सांगतो, तो आहेराचीं भांडीं, फळीवरचा माल व पोंचे पडलेलीं पातेलीं मोजीत नाहीं.

आणि शेवटची सबब, "आम्हांस येत नाहीं." या सबबीचें उत्तर त्या दिवशीं त्याच घरांत बसलेलें आम्हीं पाहिलें. थोरली मुलगी बारावीस वाणिज्य शाखेंत आहे. तिच्या दप्तरांत 'पुस्तपालन व लेखाकर्म' या विषयाचें पुस्तक होतें. ती परीक्षेसाठीं कोण्या काल्पनिक व्यापाऱ्याच्या तेरजा रात्र-रात्र जागून जुळवीत होती, आणि हाताच्या अंतरावर तिच्या बापाची वही कोरी पडली होती! आम्हीं ती कोरी वही मुलीच्या हातीं दिली व म्हणालों, "पोरी, गुण मागाहून, आधीं घर." त्या रात्रीं तिनें पहिलें पान लिहिलें. बाप आठवून सांगत होता, आई दुरुस्त करीत होती. आईची आठवण अधिक पक्की निघाली.

बंधुभगिनींनो, सुप्याच्या शेतकऱ्यांनीं दुसऱ्याचे कागद जाळले, कारण त्यांच्या हातीं स्वतःचा कागद नव्हता. आज तुमच्या घरांत लिहितां येणारीं मुलें आहेत, वही आहे, लेखणी आहे. यंदाच्या लक्ष्मीपूजनाची वाट पाहूं नका. आज रात्रीं गल्ला मोजा, माल मोजा, देणें-येणें मांडा आणि पहिली ओळ लिहा. दिवाळींत पाटावर वही मांडाल, तेव्हां ती शाईनें भरलेली असूं द्या. तीच खरी पूजा.