‘जरा हात लाव रे’ आणि आपली कंबर

पहिला पाऊस पडला की पनवेलच्या दवाखान्यांत दोन प्रकारचे रुग्ण वाढतात. एक तापाचे. दुसरे, कमरेत उसण भरली म्हणून एका अंगाला वाकडे होऊन, भिंतीचा आधार घेत येणारे. पूर्वी या दुसऱ्या प्रकारात लावणी करणाऱ्या बाया आणि पोती वाहणारे हमाल जास्त असत. अलीकडे त्यांत पॉवर टिलर आणि छोटे ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांची भर पडली आहे. नेरे-वाजे बाजूचे भातशेतकरी, तसेच फार्महाऊसवर बागेची मशागत करणारे गडी.

यंत्र आले म्हणजे कष्ट गेले, असा आपला समज. नांगरणीचे कष्ट गेले हे खरे. पण यंत्राला जोडायची अवजारे कोण उचलतो? छोट्या ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर शंभर-दोनशे किलोच्या घरात जातो. चिखलणीची लोखंडी चाके, नांगर, कल्टिव्हेटर यांपैकी काहीच हलके नाही. हॅरी फर्ग्युसनने शोधलेल्या तीन टोकांच्या जोडणीमुळे ट्रॅक्टर स्वतःच्या ताकदीने अवजार उचलतो, पण अवजार एकदा जोडल्यावर! जोडताना पिन भोकासमोर येत नाही, चालक सीटवरून ओरडतो, ‘जरा हात लाव रे’, आणि एक जण चिखलात वाकून, कंबर पिळून कोपरा उचलतो. नेमकी तेव्हाच उसण भरते.

असे का होते ते पाहू. शाळेत शिकलेली तरफ आठवा. चाळीस किलोचे वजन कण्यापासून पन्नास सेंटिमीटर पुढे धरले, तर पाठीच्या स्नायूंना ते कण्यामागे जेमतेम पाच सेंटिमीटरवरून तोलावे लागते. म्हणजे दहापट, चारशे किलोची ओढ. कमरेच्या शेवटच्या दोन मणक्यांमधील चकत्या हा सारा भार सोसतात. तेच वजन पोटाशी, वीस सेंटिमीटरवर धरले तर ओढ एकशे साठ किलोवर येते. त्यातच कंबर वळवली की चकतीच्या कडेच्या तंतूंवर पीळ बसतो. वाकून, वळून, झटक्याने उचलणे म्हणजे तिन्ही चुका एकत्र.

अमेरिकेतील ‘नायोश’ या सरकारी संस्थेने 1991 साली सुधारलेल्या सूत्रात, सगळी परिस्थिती अनुकूल असली तरी शिफारस 23 किलोचीच आहे. आपला भरलेला घरगुती गॅस सिलिंडर सुमारे तीस किलोचा असतो. म्हणजे तो एकट्याने उचलणे हेही जास्तच!

आम्ही डॉक्टर मंडळी ‘गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा’ असे सांगून मोकळे होतो. सल्ला चांगला आहे, पण अवजाराला धरायला मूठच नसेल आणि खाली पाते असेल तर गुडघे वाकवून काय धरायचे? माझे मत स्पष्ट आहे: बदल आधी लोखंडात करावा, मग माणसात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात अवजड माल क्रेनने हलतो. माथाडी कामगारांसाठी 1969 साली कायदा झाला. शेतकरी मात्र स्वतःच मालक आणि स्वतःच हमाल; त्याच्या कमरेची काळजी कोणी करायची?

उपाय महागडे नाहीत. गावातला वेल्डर अवजाराच्या दोन्ही बाजूंना कंबरेच्या उंचीच्या जवळ येतील अशा मुठी लावून देतो. अवजार जमिनीवर न टाकता चाकांच्या लोखंडी गाड्यावर उतरवावे. मग उचलायचे नसते, ढकलायचे असते. पण गाडा चालायला पडवीपुढे थोडा सिमेंटचा कोबा हवा, चिखलात तो रुततो. कोपरा थोडासाच वर घ्यायचा असेल तर पहार आणि लाकडी ठोकळा पुरतो. भक्कम तिपाईला चेनपुली टांगली तर एकटा माणूसही रोटाव्हेटर उचलू शकतो. सोसायटीने किंवा चार शेतकऱ्यांनी मिळून एक घेतली तरी भागते. जोडताना डावा हात आधी, मग उजवा, कारण बहुतेक ट्रॅक्टरांत उजवीकडचा हात खालीवर करण्याची सोय असते. वरचा दांडा शेवटी. इंजिन बंद हवेच. आणि नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर उचललेल्या अवजाराखाली हात घालू नये. बोटे चेचलेले रुग्णही येतात. त्यांची कथा कमरेपेक्षा वाईट.

कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान 2014-15 साली सुरू झाले, यंत्रांना अनुदान मिळू लागले. त्याच यादीत गाडा आणि चेनपुली का नसावी? निदान विक्रेत्याने अवजारावर त्याचे वजन ठळक रंगवावे. पोत्यावर, सिमेंटच्या गोणीवर ते छापलेले असते, मग इथे का नको?

उसण भरलीच तर आठवडाभर अंथरुणात पडून राहू नका. एक-दोन दिवसांची विश्रांती, शेक, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी, आणि मग हळूहळू चालणे. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. पहिल्याच दिवशी एमआरआयचा आग्रह धरण्याचे कारण नाही. मात्र पाऊल उचलता येत नसेल, दोन्ही पायांत कळ जात असेल, बसण्याची जागा बधिर झाली असेल किंवा लघवी अडली असेल, तर चोळणाऱ्याकडे जाऊ नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठा.