चाव्या कुणाच्या हाती?

बँकेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन अधिकाऱ्यांकडे दोन किल्ल्या असतात आणि दोघे समोरासमोर आल्याखेरीज रोकड बाहेर पडत नाही. ही शिस्त तालुक्याच्या गावातील लहानशा शाखेतही कसोशीने पाळली जाते. मात्र ज्या संगणकात खातेदारांची आयुष्यभराची पुंजी आज आकड्यांच्या रूपाने साठविलेली आहे, त्याचा सर्वाधिकारी परवलीचा शब्द कित्येकदा एकाच माणसाच्या स्मरणात असतो. कधी तर तो माणूस बँकेचा सेवकही नसतो, बाहेरच्या पुरवठादाराचा तंत्रज्ञ असतो. लोखंडी तिजोरीला जी दक्षता आपण दिली, ती या अदृश्य तिजोरीला दिली आहे काय?

वांद्र्यात हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. मिठी नदीकाठच्या दलदलीच्या जागी उभ्या राहिलेल्या वांद्रे-कुर्ला संकुलात आज राष्ट्रीय शेअर बाजार आहे, ‘सेबी’ आहे, ‘नाबार्ड’ आहे आणि ‘यूपीआय’ चालविणारे राष्ट्रीय देयक महामंडळ, अर्थात ‘एनपीसीआय’ही आहे. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात ‘यूपीआय’वर दोन हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. व्यवहार करणारे हात कोट्यवधी. पण अशा यंत्रणांची आतील दारे उघडू शकणारे हात नेहमीच मूठभर असतात. त्या मूठभर हातांवर लक्ष ठेवणारे शास्त्र म्हणजे ‘प्रिव्हिलेज्ड अ‍ॅक्सेस मॅनेजमेंट’, म्हणजेच विशेषाधिकारांचे व्यवस्थापन.

त्याचे कार्य समजण्यास अवघड नाही. सर्वाधिकारी परवलीचे शब्द एका सुरक्षित संगणकीय तिजोरीत ठेवले जातात. तंत्रज्ञाला काम करावयाचे असेल तर तो परवानगी मागतो. वरिष्ठाने मान्यता दिली की ठरावीक वेळेपुरते दार उघडते. शब्द त्याच्या डोळ्यांना दिसतही नाही आणि काम संपताच तो बदलला जातो. मधल्या काळात पडद्यावर जे घडले, त्याचे चित्रण जपून ठेवले जाते. थोडक्यात, दोन किल्ल्यांची जुनी शिस्तच येथे नव्या रूपात येते.

ही शिस्त नसली म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईतील पंजाब नॅशनल बँकेच्या एका शाखेतील घोटाळा उघडकीस आला. परदेशी बँकांना हमीचे संदेश पाठविणारी ‘स्विफ्ट’ यंत्रणा बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीशी जोडलेलीच नव्हती. रकमेचा आकडा पुढे तेरा हजार कोटी रुपयांवर गेला. ऑगस्ट २०१६ पासून किमान तीनदा बँकांना अशा गैरवापराविषयी सावध केल्याचे रिझर्व्ह बँकेने त्या वेळी सांगितले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरट्यांनी ९४ कोटी रुपयांहून अधिक रक्कम लांबविली. एका ठिकाणी चोर आतला होता, दुसऱ्या ठिकाणी बाहेरचा. दोन्हीकडे धोका एकच होता: अधिकार एकदा हाती आला की त्याला अडविणारे कुणी नव्हते.

या अनुभवांतून नियम कडक झाले आणि नियमांतून बाजारपेठ वाढू लागली. रिझर्व्ह बँकेने ३१ डिसेंबर २०१९ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी चार स्तरांची सायबर सुरक्षा चौकट आखून दिली. २०२२ मध्ये ‘सर्ट-इन’ने सायबर घटनेची वर्दी सहा तासांत देणे आणि नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक केले. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘सेबी’नेही आपली सर्वंकष चौकट जाहीर केली. जगाच्या बाजारात या क्षेत्राचे मोल किती, हे एका व्यवहारावरून कळते. १९९९ मध्ये इस्रायलमध्ये स्थापन झालेली ‘सायबरआर्क’ ही याच विषयातील कंपनी सुमारे २५ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार जुलै २०२५ मध्ये जाहीर झाला. इस्रायलसारख्या चिमुकल्या देशाला जे साधले, ते भारताला अशक्य नाही. मुंबईतच उभ्या राहिलेल्या ‘आर्कॉन’ आणि ‘सेक्टोना’ या कंपन्या, तसेच चेन्नईची ‘झोहो’ आज याच क्षेत्रात उत्पादने देत आहेत.

तथापि खरी संधी संकुलातील काचेच्या मनोऱ्यांत नाही. मोठ्या बँका आपली काळजी घेतील. देशात सुमारे दीड हजार नागरी सहकारी बँका आहेत आणि त्यांतील जवळजवळ एक तृतीयांश महाराष्ट्रात आहेत. शिक्षक, निवृत्त कर्मचारी, लहान दुकानदार यांच्या ठेवी तेथे आहेत. जुलै २०२४ च्या अखेरीस ‘सी-एज’ या सेवापुरवठादार कंपनीवर खंडणीखोर हल्ला झाला. ‘एनपीसीआय’ने खबरदारी म्हणून तिचा संबंध तात्पुरता तोडला आणि सुमारे तीनशे लहान बँकांचे देयक व्यवहार खोळंबले. अशा एकेका बँकेला महागडी प्रणाली आणि ती सांभाळणारे तज्ज्ञ परवडत नाहीत. पण एकत्र येऊन घेतलेली सामायिक सेवा परवडू शकते. मार्च २०२४ मध्ये उद्घाटन झालेली नागरी बँकांची शिखर संस्था त्यासाठी योग्य व्यासपीठ ठरू शकते. स्वस्त, सोपी आणि मराठीतून शिकविता येईल अशी सेवा जो देईल, त्याला काम कमी पडणार नाही. अभियांत्रिकीच्या मराठी विद्यार्थ्यांनी या विषयाकडे वळावे, ते याचसाठी.

दोन पथ्ये मात्र पाळावी लागतील. केवळ स्वदेशी म्हणून उत्पादन स्वीकारले जाऊ नये. त्याची कठोर परीक्षा व्हावी, कारण कच्चे कुलूप आपल्या गावचे असले तरी ते कच्चेच. आणि दुसरे, ही शिस्त अध्यक्षांपासून शिपायापर्यंत सर्वांना लागू असावी. ‘साहेबांना कशाला परवानगी?’ हा प्रश्न जेथे विचारला जातो, तेथे कोणतीही प्रणाली निरुपयोगी ठरते.

शिवकाळात गडाचा कारभार हवालदार, सबनीस आणि सरनोबत यांच्यात वाटलेला असे. एकाच्या फितुरीने गड शत्रूच्या हाती पडू नये, हे त्यामागचे धोरण. त्यात कुणाच्या निष्ठेचा अपमान नव्हता. निष्ठावंतावर एकट्याने सारा भार पडू नये, एवढीच दक्षता होती. आजचे गड संगणकात आहेत. त्यांच्या चाव्या कुणाच्या हाती आहेत, हे आपल्या बँकेच्या येत्या वार्षिक सभेत प्रत्येक सभासदाने उभे राहून विचारावे.