आईचा हात आणि लेकीची वही

गेल्या सत्रात आठवीच्या मुलींस आम्ही एक काम सांगितले होते: घरी होणारा एखादा पदार्थ आईस विचारून लिहून आणावा. मुलींनी हौसेने लिहून आणले. परंतु मापाच्या जागी बहुतेकींच्या वहीत 'अंदाजाने', 'मूठभर', 'लागेल तसे' असेच शब्द होते. एकीने प्रामाणिकपणे लिहिले होते, "हे आजी करीत असे. आजी आता नाही, म्हणून माप ठाऊक नाही." तो पदार्थ त्या घरातून गेला, असेच म्हणावयाचे.

१९५६ साली कायदा झाला व १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम आले. सुमारे ९३३ ग्रॅमचा ऐंशी तोळी शेर बाजाराने सोडला. आमच्या धानाच्या मुलखात पायलीचे नाव अद्यापि ऐकू येते. पण एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असे नाही. स्वयंपाकघर मात्र वाटीवरच राहिले. १९७० साली निघालेल्या कमलाबाई ओगले ह्यांच्या 'रुचिरा'तही वाटी-चमच्याचीच मापे आहेत, आणि त्यांवर कित्येक नवख्या गृहिणी स्वयंपाक शिकल्या.

वाटीस आम्ही नावे ठेवीत नाही. एक वाटी तांदळास दोन वाट्या पाणी, हे प्रमाण होय. वाटी लहान असो वा मोठी, भात बिघडत नाही. परंतु एक जिन्नस चमच्याने व दुसरा तांब्याने घेतला, की प्रमाण सुटते. चमचा कोणता, तांब्या केवढा, हे कोण सांगणार?

भाजी खारट झाली तर हसून सोडता येते. हगवणीने गळून गेलेल्या बालकास द्यावयाच्या साखर-मिठाच्या पाण्याचे तसे नाही. एक लिटर स्वच्छ पाणी, पाच मिलिलिटरच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ, हे त्याचे माप. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी साखर-मिठाचे असेच द्रावण पाजून पुष्कळ रोग्यांचे प्राण वाचविले. मीठ मुठीने पडले, तर मात्र हेच पाणी अपाय करते. दवाखान्याची पुडी मिळाल्यास उत्तमच. परंतु तीही तीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावी लागते. पावसाळ्यात नाले भरून ज्या गावांची वाट बंद होते, तेथील आईस लिटर म्हणजे किती हे ठाऊक असणे ही चैनीची गोष्ट नव्हे.

आईच्या हातास तराजूची गरज नाही. लेकीच्या वहीस आहे. म्हणून मुलामुलींनो, ह्या सुटीत आईची मूठ वाण्याच्या काट्यावर एकदा तोलून पाहा, घरच्या वाटीत किती मिलिलिटर मावते ते मोजा, आणि 'मूठभर' ह्या शब्दाशेजारी तो आकडा लिहा. पालकांनीही ह्यास वेळ द्यावा. आजी जवळ आहे, तोवरच हे काम होण्याजोगे आहे.