बाराने भागा, पावतीही पाहा

बुरोंडीच्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये ब्युटेन असतो. त्याचे रेणुवस्तुमान ५८. कार्बनचा अणू १२, हायड्रोजनचा १. अठ्ठावन्नला बाराने भागल्यास भागाकार ४, बाकी १०. म्हणजे चार कार्बन, दहा हायड्रोजन. कार्बनच्या दुपटीहून हायड्रोजन फार तर दोनने अधिक असू शकतो. तो नियमही येथे पाळला जातो.

आता साड्यांच्या घडीतील डांबरगोळी घ्या. नॅफ्थॅलीनचे वस्तुमान १२८. भागाकार १०, बाकी ८. मात्र एक कार्बन कमी करून बारा हायड्रोजन वाढवले, तर नऊ कार्बन, वीस हायड्रोजन होतात. तो नोनेन! बेरीज तीच, माल निराळा: एक घन, दुसरा द्रव.

वाचकहो, मुलांना हेही शिकवावे: जमाखर्च जुळला, तरी पावत्या तपासाव्याच लागतात.